वर्तकनगरचं डे-केअर आणि नऊशे नव्वद रुपये

आधीच सांगतो, मी सीए नाही. ठाण्यात पाच-सहा सोसायट्यांची खाती लिहितो, ओळखीपाळखीच्या लोकांचे रिटर्न भरून देतो, आणि माझा भाचा वर्तकनगरच्या एका डे-केअरला जातो म्हणून तिथल्या हिशेबाचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. भाचा २७ वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व, सर्टिफिकेटवर ८५ टक्के. शाळा अठराव्या वर्षी संपते, मग पुढे काय, हा प्रश्न ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळा समजवायला नको. दहा ते चार मुलं तिथे असतात (मुलं म्हणजे १८ ते ४५ वयाची, पण आम्ही सगळे मुलंच म्हणतो), थोडी थेरपी, थोडं वर्कशॉप, कागदी पिशव्या, पणत्या रंगवणं, पावसाळ्यात राख्या. सेंटर चालवणाऱ्या ताई आरसीआयकडे (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेल्या स्पेशल एज्युकेटर आहेत, भाड्याचे दोन गाळे, चार मदतनीस, ग्रँट एक रुपयाची नाही, सगळं फीवर. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला एनआयईपीआयडीचं (बौद्धिक अपंगत्वासाठीची केंद्राची संस्था) रिजनल सेंटर आहे, हे सगळं माहितीय, पण वर्तकनगरहून रोज तिकडे नेऊन परत आणायचं म्हणजे घरातल्या एका माणसाने नोकरी सोडायची. म्हणून हे जवळचं.

जानेवारी २०२५ मध्ये ताईंनी नेहमीसारखी पासबुकं आणि पावत्यांची वही माझ्याकडे दिली, भाऊ जरा बघून ठेवा म्हणून. आदल्या वर्षी २९ मुलं होती, फी ५,५०० रुपये, वर्षाचे झाले होते १९ लाख १४ हजार. एप्रिल २०२४ पासून मुलं झाली ३८. ताई खूश होत्या, वेटिंग लिस्ट संपली म्हणून. मी बेरीज मारली तर डिसेंबरअखेर १८ लाख ८१ हजार, म्हणजे जानेवारीची फी आली की वीस लाखांच्या वर. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वीस लाख. मी दोनदा बेरीज मारली आणि मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो पण आपण काय दुकान चालवतोय का?"

नौपाड्यातल्या एका सीएंकडे गेलो. चांगला माणूस, फी पण घेतली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर आकडा लिहिला, ५,५०० वर १८ टक्के म्हणजे ९९०. महिन्याची फी ६,४९०. ताई त्या कागदाकडे बघतच राहिल्या. ३८ पैकी निदान १२-१३ घरं अशी आहेत की जिथे वडील रिक्षा चालवतात किंवा आई पोळ्या लाटायला जाते, तिथे ९९० म्हणजे मूल घरी बसवणं. आणि खरंच बसवतात, बोलून दाखवत नाहीत, हळूच एक तारखेला यायचं बंद होतं.

आता इथे कायदा काय म्हणतो ते नीट सांगतो कारण मला स्वतःला कळायला तीन आठवडे लागले. आरोग्यसेवा जीएसटीतून माफ आहे, डॉक्टर, क्लिनिक, पॅरामेडिक. म्हणजे फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट आपली थेरपी देऊन स्वतःचं बिल करत असेल तर प्रश्न नाही. पण सहा तास मुलाला सांभाळणं, शिकवणं, पिशव्या करायला बसवणं याला आरोग्यसेवा म्हणायचं का? तिथे गाडी अडते. मग १ जानेवारी २०१९ पासून एक वेगळी माफी आली, माफीच्या यादीतली नोंद ७४ए, त्यात आरसीआयच्या नोंदणीकृत प्रोफेशनलने दिलेली पुनर्वसनाची, थेरपीची, समुपदेशनाची सेवा माफ केलीय. मी ते वाचून उडालोच, म्हणलं सुटलो, ताई तर आरसीआयवाल्या आहेत. सीए म्हणाले पुढे वाचा. पुढे असं आहे की ती सेवा सरकारी केंद्रात दिलेली पाहिजे, नाहीतर आयकर कायद्यात धर्मादाय म्हणून नोंदणी असलेल्या, म्हणजे १२एए किंवा नंतरच्या १२एबी नोंदणीच्या संस्थेच्या केंद्रात. ताईंचं सेंटर त्यांच्या स्वतःच्या नावावर, प्रोप्रायटरी. म्हणजे तीच बाई, तोच गाळा, तीच मुलं, तीच फी, लेटरहेडवर ट्रस्टचं नाव असेल तर कर शून्य आणि ताईंचं असेल तर १८ टक्के.

ह्याचं मला फार नवल वाटत नाही खरं तर. माफी दिली की लोक तिचा गैरफायदा घेणार म्हणून सरकार काहीतरी कुंपण घालणार, आणि सगळ्यात सोपं कुंपण म्हणजे नोंदणी. पण जी माणसं कुणाला न विचारता स्वतःच्या हिमतीवर दोन खोल्यांत सेंटर सुरू करतात ती बहुतेक वेळा प्रोप्रायटरीच असतात कारण ट्रस्ट काढायला वेळ आणि वकील लागतो. कुंपण नेमकं त्यांच्याच पायाखाली येतं.

बरं, ट्रस्ट काढायचा ठरवला तरी तो लगेच होत नाही आणि मर्यादा तर जानेवारीतच ओलांडली. रेग्युलर नोंदणी घेतली असती तर गाळ्याच्या भाड्यावरचाही प्रकार होता, १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक जीएसटीत नसेल आणि भाडेकरू असेल तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. तो क्रेडिटमध्ये मिळतो म्हणा, म्हणजे आपण भरायच्या करातून वजा होतो, पण आधी रोख भरावा लागतो. आणि ताईंचा मोठा खर्च मदतनिसांचे पगार, त्याचं कसलं आलंय क्रेडिट. म्हणून सीएंनी कंपोझिशन सुचवलं, म्हणजे छोट्यांसाठीची ठरावीक दराची योजना. पन्नास लाखांच्या आतल्या सेवावाल्याला ६ टक्के, पण तो पालकांकडून वेगळा घेता येत नाही, स्वतःच्या खिशातून. जानेवारीअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, आठ महिन्यांची फी १६ लाख ७२ हजार, त्यावर ६ टक्के १,००,३२०. फी ३०० ने वाढवली असती तर हे जवळजवळ निघालं असतं, पण ताईंनी त्या काळात नाही वाढवली. त्यांची सोन्याची पाटली मोडली असं मला नंतर बहिणीकडून कळलं, मला त्यांनी सांगितलं नाही.

मधल्या काळात पालकांची मीटिंग घेतली, शनिवारी, सेंटरमध्येच. तिथे जे निघालं ते मला जीएसटीपेक्षा जास्त लागलं. मी म्हणलं तुम्हाला ८०डीडी मिळतं ना, त्यातून थोडी फी वाढली तर चालेल का. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घरातल्या अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसाच्या देखभालीसाठी उत्पन्नातून वजावट, ४० टक्क्यांच्या वर ७५ हजार, ८० च्या वर सव्वा लाख, आणि खर्च कितीही असो वजावट ठरलेली तेवढी. हा आकडा २०१५-१६ पासून तोच आहे, एक पैसा वाढलेला नाही, तेव्हाची फी काय होती आणि आताची काय ते सोडा.) तर १५ पगारदार पालकांपैकी ११ जण म्हणाले आम्ही न्यू रिजीममध्ये, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत अशा नव्या करपद्धतीत. का, तर एचआरने टाकलं. २०२३-२४ पासून न्यू रिजीम डिफॉल्ट आहे, तुम्ही काही कळवलं नाही तर तीच. आणि न्यू रिजीममध्ये ८०डीडी नाही, ८०यू (स्वतः दिव्यांग असलेल्याची वजावट) नाही, ८०जी (देणगीवरची) पण नाही.

मी घरी येऊन आमच्या दाजींचं गणित मांडलं, भाच्याचे वडील, ऐरोलीला कंपनीत, पगार १४ लाख. २०२५-२६ साठी. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, ८०सीचे दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार, घराच्या कर्जाचं व्याज दोन लाख, आणि ८०डीडीचे सव्वा लाख. राहिले साडेआठ लाख, कर सेससकट ८५,८००. न्यू रिजीममध्ये फक्त ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, कर सेससकट ८१,९००. म्हणजे न्यूच स्वस्त, ३,९०० ने. एचआरने दाजींचं नुकसान केलेलं नाही, उलट भलंच केलं, हे मला आधी पटेना पण आकडे तेच सांगत होते.

पण मग शेजारचं घर घ्या. तोच पगार, तेवढंच कर्ज, मुलगा धडधाकट, पुण्याला नोकरीला. जुन्या पद्धतीत दाजी त्या शेजाऱ्यापेक्षा २६ हजारांनी कमी कर भरत होते, सव्वा लाखावर २० टक्के आणि सेस. आता दोघंही ८१,९००. कुणी कर वाढवला नाही, दिव्यांगांची सवलत काढली असं कुठल्या बजेट भाषणात कुणी म्हणलं नाही, ८०डीडी कायद्यात होतंच, पण दोन घरांतला फरक मात्र पुसला गेला. महिन्याला २,१०० च्या वर होते हे. बहीण याच पैशातून शनिवारची स्पीच थेरपी लावायची. आता दोन्ही घरांना सारखीच सूट मिळते म्हणून ती सूट दिसते मोठी, आणि थेरपी मात्र बंद झाली.

दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असेल तर आता कर शून्यच आहे, त्यामुळे मीटिंगमधल्या बऱ्याच पालकांना ८०डीडी असलं काय नसलं काय. आणि रिक्षावाल्या वडिलांना ते कधीच मिळालं नव्हतं, ज्याला करच नाही त्याला वजावट कशातून द्यायची. त्यांच्यापैकी एकजण मला सरळ म्हणाले, "दादा, हे तुमचं पगारवाल्यांचं चाललंय, आमचं सांगा." मी काय सांगणार. वजावट हा मदत द्यायचा मार्ग मुळातच वरच्या घरांसाठी आहे, जेवढा जास्त कर तेवढी जास्त मदत, आणि ज्याला सगळ्यात गरज त्याला शून्य. मला स्वतःला वाटतं की हेच पैसे थेट सेंटरला किंवा मुलाच्या खात्यात गेले असते तर बरं झालं असतं, पण ते माझं मत झालं.

मीटिंगमध्ये दोन गोष्टी मात्र लगेच हाताला लागल्या. एक, प्रोफेशन टॅक्स. महाराष्ट्रात बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना तो माफ आहे, वर्षाचे २,५०० रुपये. ११ जणांपैकी नऊ जणांचा कापला जात होता, कारण कुणी सर्टिफिकेट ऑफिसात दिलंच नव्हतं. दुसरं, एका आजोबांनी सेंटरला अजून न येणाऱ्या सोळा वर्षांच्या दिव्यांग नातवाच्या नावाने एफडी केलेली आणि व्याज वडिलांच्या उत्पन्नात धरलं जात होतं. एरवी अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवतात, पण ८०यूच्या व्याख्येतलं अपंगत्व असलेल्या मुलाचं नाही, ते त्याच्याच नावावर राहतं. एक वडील बिचारे मुलीचं डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट घेऊन आले होते, धाकटी मुलगी, सेंटरची नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ते बसतं, पण १९६१ च्या आयकर कायद्यातलं ८०डीडी १९९५ च्या जुन्या अपंग कायद्याची व्याख्या धरून चालत होतं, त्यात नव्हतं. त्यांना नाही म्हणताना मलाच कसंतरी झालं.

दाजींची एलआयसीची जीवन आधार पॉलिसी पण त्याच दिवशी निघाली. ही ८०डीडीमध्ये बसणारी, पण अट अशी होती की पैसे मुलाला मिळणार ते पॉलिसी घेणारे आईवडील गेल्यावरच. आई सत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, मुलगा पंचेचाळीस, आणि पैसे मात्र ती गेल्यावर. यावर एक पालक सुप्रीम कोर्टात गेले होते, जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने कलम रद्द केलं नाही पण सरकारने विचार करावा असं सांगितलं, आणि २०२२ च्या फायनान्स अॅक्टने कलम बदललं, आता पॉलिसीवाल्याला ६० वर्षं झाली आणि हप्ते थांबले की त्याच्या हयातीतही मुलाला रक्कम सुरू झाली तरी वजावटीला धक्का लागत नाही. दाजी ५७ चे आहेत. कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय.

तर ट्रस्ट. तीन पालक, एक निवृत्त बँक ऑफिसर आणि ताई. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, पॅन, मग आयकरकडे १२एबीची तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी. यात कुणाचा दोष नाही, आमच्याच कागदांत गाळ्याच्या मालकाची एनओसी नव्हती त्यात दीड महिना गेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेंटर ट्रस्टचं झालं, ताईंची जीएसटी नोंदणी परत केली, फी ५,८०० केली आणि पालकांनी ती मुकाट दिली कारण ६,४९० चा कागद सगळ्यांनी पाहिला होता.

सगळ्यात अवघड भाग कागदाचा नव्हता. ट्रस्टमध्ये उरलेले पैसे ताईंचे नाहीत. त्यांना पगार, महिना ३० हजार, तोही वाजवी असल्याचं दाखवता आलं पाहिजे कारण संस्थापकाला जास्त पैसे दिले तर करमाफीच धोक्यात. चौदा वर्षं स्वतः उभी केलेली जागा आणि आता सुट्टीचा अर्ज त्या बँक ऑफिसर काकांकडे द्यायचा. पहिल्या मीटिंगला काकांनी विचारलं की चहापत्तीचं बिल कुठेय, तेव्हा ताई उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा बिल घेऊन आल्या.

देणग्यांचं म्हणाल तर ८०जी मिळालं तरी फार उड्या मारू नका असं मी आधीच सांगितलं होतं. दर दिवाळीला ५० हजार देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना फोन केला की आता पावतीवर सूट मिळेल, तर ते हसले, म्हणाले मी न्यू रिजीममध्ये गेलो, मला पावतीचा उपयोग नाही. दिले, पण २० हजार. सूट गेली म्हणून कमी दिले की मुलीचं लग्न होतं म्हणून, ते मी कसं सांगू. कामाचं मात्र सगळं तेवढंच, प्रत्येक देणगीदाराचा पॅन घ्या, वर्षाअखेरी आयकरकडे यादी भरा, प्रत्येकाला सर्टिफिकेट काढून द्या.

वस्तूंवरच्या कराचं पटकन सांगतो. व्हीलचेअरवर ५ टक्के जीएसटी आहे, हिअरिंग एडवर शून्य. व्हीलचेअरवर शून्य का नाही असा राग २०१७ पासून लोक काढतात, त्यावर सरकारचं उत्तर असं की शून्य केलं तर इथल्या कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट जातं आणि आयात माल स्वस्त पडतो. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण आमच्या सेंटरला खरा फरक पडला तो २२ सप्टेंबर २०२५ ला, मोठ्या माणसांचे क्लिनिकल डायपर १२ वरून ५ टक्क्यांवर आले. सहा मुलांना लागतात, रोज.

आणि मग पिशव्या. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी मुलांनी १,४०० कागदी पिशव्या केल्या, जांभळी नाक्यावरून कागद आणला होता, एका मिठाईच्या दुकानाने १२ रुपयांनी घेतल्या, १६,८०० रुपये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. रात्री वहीत लिहिताना घाम फुटला. फक्त माफ सेवा देत असाल तर कितीही कोटींची उलाढाल असो नोंदणी लागत नाही, पण एक जरी करपात्र वस्तू विकली तर वीस लाखांची मर्यादा मोजताना माफ असलेली फी पण धरतात. पणत्या चालल्या असत्या, मातीच्या दिव्यांवर कर शून्य आहे, राख्यांवरही नाही. कागदी पिशवी करपात्र. म्हणजे २५-२६ लाखांची माफ फी आणि वर १६ हजारांच्या पिशव्या, की ट्रस्ट पुन्हा जीएसटीत. त्या वर्षी ट्रस्टचे सहाच महिने होते म्हणून मर्यादेच्या आत राहिलो, पुढच्या एप्रिलनंतर नसतो राहिलो. सीएंना फोन केला तर ते म्हणाले, "पिशव्या बंद करा." ताई म्हणाल्या पिशव्या बंद केल्या तर मुलं दिवसभर काय करतील.

शेवटी आठ आयांनी मिळून बचत गट काढला. कागद गट आणतो, पिशव्या गटाच्या, विक्री गटाची, मुलांना मेहनताना गट देतो, ट्रस्टच्या वहीत त्यातलं काही येत नाही. गटाची उलाढाल एवढी छोटी की नोंदणीचा प्रश्नच नाही. फेब्रुवारीत लग्नसराईची ऑर्डर घ्यायला बहीण आणि अजून एक आई त्याच दुकानात गेल्या. मालकाने विचारलं जीएसटीचं बिल मिळेल का, या म्हणाल्या आम्हाला नंबर नाही. मग मला क्रेडिट मिळत नाही, तो म्हणाला, अकराने द्या. थोडी घासाघीस झाली. अकराने दिल्या.